पूर्वजांच्या गावी मित्रांसोबत: इस्रायलहून रायगडात येणाऱ्या बेने इस्रायल कुटुंबांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोद, रामले, दिमोना, अश्दोद किंवा बीरशेबा येथे वाढलेली बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी भाषिक ज्यू समाजाच्या, घरांतील तरुण मंडळी अलीकडे आपल्या मित्रमैत्रिणींना घेऊन कोकणात येतात आणि आजी-आजोबांच्या बोलण्यातून ऐकलेले गाव शोधू पाहतात. त्यांच्यापैकी अनेकांना मराठी वाचता येत नाही, पण त्यांच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना येते. त्यामुळे पुढील उत्तरे वडीलधाऱ्यांनी मुलांना वाचून दाखवावीत, अशा बेताने लिहिली आहेत.

तयारी नेमकी कोठून सुरू करावी?

स्वतःच्या घरातून. अलिबागला उतरल्यावर शोध सुरू करणारी मंडळी बहुधा समुद्रकिनारा आणि एक सिनेगॉग (ज्यू प्रार्थनामंदिर) पाहून परततात. शोधाचा मोठा भाग इस्रायलमध्येच, आजीच्या शेजारी बसून, आणि तोही मराठीत झालेला असावा लागतो. आजीला हिब्रूत प्रश्न विचारला तर ती “आम्ही मुंबईहून आलो” एवढेच सांगते, कारण जहाज किंवा विमान मुंबईहून सुटले होते. तोच प्रश्न “तुमचं गाव कुठलं, घराजवळ काय होतं, पाणी कुठून आणायचात?” असा मराठीत विचारला की विहीर, वाडी, शेजारणीचे नाव, बाजाराचा दिवस असे तपशील बाहेर पडतात, आणि गावात पोहोचल्यावर उपयोगी पडतात ते हेच तपशील.

हे बोलणे ध्वनिमुद्रित करावे आणि त्यातली गावांची नावे देवनागरीत लिहून घ्यावीत. हिब्रू किंवा रोमन लिपीत ट, त, ड, द, ण, न यांतला फरक पुसला जातो आणि मग तळे, तळा, थळ, ताला अशी मिळतीजुळती नावे समोर उभी राहतात. घरात जुना भारतीय पासपोर्ट, केतुबा (ज्यू विवाहपत्र), शाळेचा दाखला किंवा मागे मराठीत मजकूर लिहिलेले छायाचित्र असल्यास त्याची दोन्ही बाजूंची प्रत सोबत ठेवावी.

आडनावावरून गाव नक्की ओळखता येते का?

बहुतेक वेळा दिशा कळते, खात्री मात्र होत नाही. बेने इस्रायलांमध्ये गावावरून पडलेली, ‘कर’ शेवट असलेली शंभराहून अधिक आडनावे आहेत. किहीमकर, नवगावकर, आवासकर, झिराडकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, चेऊलकर, राजपूरकर, घोसाळकर ही त्यांतली काही. किहीम, नवगाव, आवास आणि झिराड ही गावे अलिबाग तालुक्यात एकमेकांपासून फार लांब नाहीत. अष्टमी रोह्याला लागून आहे. चेऊल म्हणजे आजचे चौल.

अडचण तीन प्रकारांनी येते. पहिली अशी की एकाच नावाची गावे अनेक असतात. नागाव अलिबागजवळ आहे आणि उरणजवळही आहे. दुसरी अशी की आडनाव पडले त्या काळी कुटुंब त्या गावचे होते, पण पुढच्या चार-पाच पिढ्या दुसऱ्याच गावी राहिल्या, त्यामुळे आजीचे घर पेणकर आडनाव असूनही रेवदंड्याला असू शकते. तिसरी आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे मुंबईच्या शाळांत व इंग्रज सरकारच्या नोकऱ्यांत अनेकांनी ‘कर’ आडनाव सोडून वडिलांचे नाव पुढे लावले आणि सॅमसन, मोझेस, डेव्हिड, रूबेन, सॉलोमन अशी आडनावे रूढ झाली. इस्रायलमध्ये काहींनी त्याचेही हिब्रू रूप केले. अशा घरांत मूळ आडनाव लग्नाच्या कागदात किंवा एखाद्या थडग्यावरच उरलेले असते.

नावांचेही तसेच आहे. जुन्या नोंदींत सॅम्युएल हा समाजी, एझेकिएल हा हसाजी, आयझॅक हा इसाजी, एलिजा हा एलोजी आणि मोझेस हा मुसाजी असतो. 1796 मध्ये मुंबईतले पहिले बेने इस्रायल सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल एझेकिएल दिवेकर हे आपल्या लोकांत समाजी हसाजी दिवेकर म्हणूनच ओळखले जात. नोंदवहीत ‘इसाजी’ दिसला की तो आपला नव्हे असे समजून पान उलटू नये.

आजोबांच्या कागदावर ‘जिल्हा कुलाबा’ असे लिहिले आहे. मग आमचे मूळ मुंबईतले का?

नाही. मुंबईतला कुलाबा वेगळा आणि कुलाबा जिल्हा वेगळा. आज ज्याला रायगड जिल्हा म्हणतात त्याचे 1981 पूर्वीचे नाव कुलाबा असे होते, आणि ते अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यावरून पडले होते. या एका नावापायी दक्षिण मुंबईत दोन दोन दिवस फिरलेली मंडळी आम्ही पाहिली आहेत.

कागदावर ‘जंजिरा संस्थान’ असे असल्यास ते कुटुंब मुरूड, म्हसळा किंवा श्रीवर्धन या भागातले असण्याचा संभव आहे. हा प्रदेश 1948 पर्यंत सिद्दी नबाबाच्या संस्थानात होता. अलिबागचा भाग आंग्र्यांकडून 1840 मध्ये इंग्रजांकडे गेला आणि पेण-रोहे त्याआधीच गेले होते. हा इतिहास येथे सांगण्याचे कारण एवढेच की राज्य बदलले तशी नोंदी ठेवण्याची पद्धतही बदलली, आणि आपले गाव कोणत्या हद्दीत होते हे ठाऊक नसेल तर चुकीच्या कार्यालयात चुकीचा कागद मागितला जातो.

जुन्या नोंदी कोठे पाहाव्यात?

सर्वांत उपयुक्त ठिकाण बहुतेकांना सुचत नाही, ते म्हणजे गावची जुनी मराठी शाळा. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलाचे पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मगाव, दाखल झाल्याची व शाळा सोडल्याची तारीख असते, आणि शाळा सोडण्याच्या कारणात कधी कधी ‘मुंबईस गेला’ एवढे दोनच शब्द असतात, पण त्यांतून कुटुंबाने गाव कधी सोडले ते कळते. जातीच्या रकान्यात ‘बेने इस्रायल’, ‘इस्रायल’, ‘यहुदी’ किंवा ‘तेली’ यांपैकी काहीही असू शकते, म्हणून एकाच शब्दावर अडून बसू नये. मुख्याध्यापकांना आधी पत्र पाठवावे, आपले नाते सांगावे आणि परीक्षांचे दिवस टाळावेत.

तालुक्याच्या तहसील कार्यालयातील अभिलेख कक्षात गावचे जन्म-मृत्यूचे जुने रजिस्टर, म्हणजे गाव नमुना 14, पाहता येते. त्याला बोलीत कोतवाल बुक म्हणतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंतची बरीच दप्तरे मोडी लिपीत आहेत, आणि मराठी उत्तम वाचणाऱ्यालाही मोडी वाचता येतेच असे नाही. मोडी जाणणारा माणूस एका दिवसासाठी मानधन देऊन सोबत घ्यावा. त्या खर्चात काटकसर करू नये. कार्यालयात गेल्याबरोबर कागद हाती येईल अशी अपेक्षा ठेवू नये. लेखी अर्ज, नातेसंबंधाचा पुरावा आणि निदान दोन फेऱ्या गृहीत धराव्यात.

पणजोबा पलटणीत असल्याची कुटुंबात आठवण असेल, तर शोधाला वेगळीच वाट मिळते. मुंबई इलाख्याच्या देशी पायदळात बेने इस्रायल मोठ्या संख्येने होते आणि त्यांच्यापैकी अनेक जण सुभेदार-जमादार झाले. घरात एखादे पदक असेल तर त्याच्या कडेवर कोरलेले नाव आणि पलटण काळजीपूर्वक वाचावी. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे, पण तेथे नेमका प्रश्न घेऊन गेले तरच काही हाती लागते.

व्हिसा कोणता घ्यावा? सगळ्यांना एकच चालेल का?

येथे मित्रमंडळाच्या वाटा वेगळ्या होतात. ज्यांचे आई-वडील, आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबा यांपैकी कोणीही 26 जानेवारी 1950 रोजी किंवा नंतर भारतीय नागरिक होते, त्यांना पुराव्यानिशी ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डासाठी अर्ज करता येतो. नाते आईकडून असो वा वडिलांकडून, दोन्ही चालतात, त्यामुळे वडील मोरोक्कोचे आणि आई पेणकरांची असली तरी हरकत नसते. पुरावा म्हणून आजोबांचा जुना भारतीय पासपोर्ट सर्वांत भक्कम. तो ‘जुना झाला’ म्हणून टाकून दिला असेल तर शोध आणखी लांबतो. ओसीआय म्हणजे भारताचे नागरिकत्व नव्हे. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही.

सोबतच्या ज्या मित्रांचा भारताशी वंशाचा संबंध नाही त्यांना पर्यटक व्हिसाच घ्यावा लागेल. ओसीआयला काही महिने लागू शकतात, म्हणून एकाच्या कार्डासाठी सगळ्यांचा प्रवास अडवू नये. पहिल्या खेपेस सर्वांनीच पर्यटक व्हिसावर यावे, हे आमचे मत. घरगुती निवासात उतरणार असाल तर यजमानाला परदेशी पाहुण्यांची सरकारकडे नोंद 24 तासांत करावी लागते. ती करण्याची त्याची तयारी आहे का, हे आरक्षणापूर्वीच विचारावे. किनाऱ्यावरील अनेक लहान निवासांना ही पद्धत ठाऊक नसते आणि मग रात्री नऊ वाजता दुसरी जागा शोधावी लागते.

किती मित्र सोबत असावेत, आणि त्यांनी तेथे करायचे काय?

चार, फार तर पाच. एका गाडीत मावतात आणि एखाद्या आजीच्या ओटीवर बसू शकतात, एवढेच. बारा जणांचा घोळका गल्लीत शिरला की गाव त्यांना सहलीला आलेले समजते.

ज्याच्या घराचा शोध आहे तो बहुधा भावनेच्या भरात असतो, त्यामुळे त्याला नीट ऐकूही येत नाही. मित्राचा उपयोग येथे होतो. एकाने टिपणे घ्यावीत, एकाने छायाचित्रे काढावीत, आणि मराठी समजणारे कोणी असेल तर त्याने केवळ संभाषण सांभाळावे. दोन वेगवेगळ्या कुटुंबांतील बेने इस्रायल मित्र एकत्र येणार असतील तर दोघांच्या गावांचे दिवस आधीच वाटून घ्यावेत. नाही तर पहिल्याच्या गावी अनपेक्षित धागा सापडतो, दिवस वाढतात आणि दुसऱ्याच्या वाट्याला परतीच्या वाटेवरचा अर्धा तास उरतो. यावरून मैत्रीत आलेला दुरावा किरकोळ नसतो.

कधी यावे आणि कसे पोहोचावे?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच बंद असतात. भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला वाहनांसह नेणारी रो-रो बोट 2020 पासून सुरू आहे. रस्त्याने वडखळमार्गे मुंबई ते अलिबाग सुमारे 100 किलोमीटर पडते.

वाराचा विचार मात्र नीट करावा. शनिवारी शब्बाथ असल्याने सिनेगॉगमध्ये पाहुण्यांना वास्तू दाखवण्याचे काम होत नाही, आणि नेमक्या शनिवार-रविवारी मुंबईची गर्दी अलिबागवर लोटते, खोल्यांचे दर वाढतात व रस्ते तुंबतात. सोमवार ते गुरुवार हे चार दिवस शोधासाठी ठेवावेत. शक्य असल्यास तू बिश्वात या झाडांच्या ज्यू सणाच्या सुमारास, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत यावे. येथील जुनी मंडळी त्या दिवसाला एलियाहू हनाबीचा (संदेष्टा एलियाहूचा) उरूस म्हणतात आणि त्या दिवशी मलिदा, म्हणजे पोहे-खोबऱ्याच्या नैवेद्याचा विधी, होतो.

गावात गेल्यावर कोणाला आणि काय विचारावे?

प्रथम हे सांगावे की आपण जमिनीसाठी आलेलो नाही. अलिबाग-किहीम पट्ट्यात मुंबईकरांच्या बंगल्यांमुळे जमिनीचे भाव कोठल्या कोठे गेले आहेत, आणि परदेशातून कोणी येऊन “हे माझ्या पणजोबांचे घर” असे म्हणाला की आज तेथे राहणाऱ्या माणसाच्या मनात पहिली शंका दाव्याची येते. ती शंका रास्त आहे. सातबारा उताऱ्याची प्रत हातात फडकवत अंगणात शिरू नये. कुटुंबाचे छायाचित्र पुढे करावे. छायाचित्राने माणसे बोलती होतात.

विचारायचे ते सत्तरीच्या पुढच्या माणसांना. बेने इस्रायल पूर्वी तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावोगाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. जुन्या माणसांना हाच शब्द आठवतो. आपल्याकडच्या काही वडीलधाऱ्यांना तो उतरवून बोलल्यासारखा वाटतो, आणि त्यामागे कारणही आहे, कारण मुंबईत शिकून नोकरीला लागलेल्यांनी तो प्रयत्नपूर्वक मागे टाकला होता. पण गावातला म्हातारा तो शब्द उच्चारतो तेव्हा त्यात सहसा हेटाळणी नसते, केवळ ओळख असते. “इथं शनवार तेल्यांची घरं कुठं होती?” या प्रश्नाला जेवढे उत्तर मिळते तेवढे ‘ज्यू’ या शब्दाला मिळत नाही. अलिबागेत इस्रायल आळी विचारावी. ती कोणीही दाखवतो.

गावातल्या वडीलधाऱ्या पुरुषाला काका किंवा आजोबा, स्त्रीला मावशी किंवा आजी म्हणावे, आणि चहा पुढे आला की तो नाकारू नये. दूध आणि मांस एकत्र न घेण्याच्या ज्यू नियमामुळे अडचण असेल तर कोऱ्या चहाची विनंती चालते.

नवगाव आणि सागाव येथे काय आहे?

परंपरा अशी की फार प्राचीन काळी, बहुतेकांच्या सांगण्यानुसार इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात, एक जहाज या किनाऱ्याजवळ फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि वाहून आलेले मृतदेह नवगावला पुरले गेले. तेथे आज स्मारक उभे आहे आणि भोवती जुनी दफनभूमी आहे. काळाबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. ते तेथे उभे राहून मिटवण्याची गरज नाही.

सागावला, खंडाळे गावाजवळ, एक खडक आहे. त्यावरच्या खुणा एलियाहू हनाबीच्या रथाच्या चाकांच्या व घोड्यांच्या टापांच्या आहेत अशी श्रद्धा आहे, आणि त्या जागेला एलियाहू हनाबीचा टापा म्हणतात. नवस फेडायला आजही लोक येथे येतात. मलिद्यासाठी पोहे, खोबरे, साखर, वेलची आणि फळे अलिबागच्या बाजारात घेऊन जावीत. मित्रांना या श्रद्धेचे आश्चर्य वाटेल, कारण इतर ज्यू समाजांत मलिदा नाही. त्यांना आधी समजावून सांगावे, तेथे जाऊन हसू नये.

सिनेगॉग पाहता येतील का?

येतील, पण आगाऊ कळवून आणि मूळ पासपोर्ट दाखवून. मुंबईत सुरक्षेमुळे याबाबत कडकपणा आहे. अलिबागचे मागेन अबोथ 1848 मध्ये स्थापन झाले आणि आजची वास्तू 1910 ची आहे. रेवदंड्याचे बेथ एल 1842 चे, पनवेलचे 1849 चे, पेणचे 1863 चे आणि ठाण्याचे शाआर हशामाईम 1879 चे. मुंबईतले शाआर हरहामीम, म्हणजे दिवेकरांचे, मशीद बंदर भागात सॅम्युएल स्ट्रीटवर आहे. जुने लोक सिनेगॉगला मशीदच म्हणत, आणि त्या स्थानकाचे नाव याच वास्तूवरून पडले असे सांगितले जाते.

भायखळ्याचे मागेन डेव्हिड किंवा पुण्याचे लाल देऊळ यांची छायाचित्रे सुंदर येतात, पण ती बगदादी, म्हणजे इराककडून आलेल्या, ज्यूंची, ससून घराण्याने बांधलेली सिनेगॉग आहेत. किहीमकरांच्या नातवाचा शोध तेथे पुढे सरकत नाही. आपल्या शोधासाठी सिनेगॉगमधील विवाहनोंदी आणि भिंतींवरील देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या महत्त्वाच्या. त्या बहुधा मराठीत असल्याने मित्राला वाचता येत नाहीत, म्हणून मराठी जाणणाऱ्याकडून वाचून घ्याव्यात.

थडग्यांवरील साले कशी वाचावीत?

बऱ्याच शिळांवर मजकूर मराठी व हिब्रू असा दुहेरी असतो. हिब्रू साल पूर्ण असेल तर त्यातून 3760 वजा करावे. मृत्यू हिब्रू वर्षाच्या आरंभीच्या, म्हणजे सप्टेंबर ते डिसेंबर या महिन्यांतला असेल तर 3761 वजा करावे. अनेकदा हजारांचा आकडा गाळलेला असतो. ताव, रेश आणि सामेख ही अक्षरे म्हणजे 400, 200 आणि 60, एकूण 660. त्यात 1240 मिळवले की 1900 येते. शिळेवर खडू घासू नये, तारेचा ब्रश तर मुळीच वापरू नये. ओल्या फडक्याने पुसावे आणि सकाळी लवकर, ऊन तिरपे असताना, छायाचित्र घ्यावे; झिजलेली अक्षरे तेव्हा उठून दिसतात.

जेवणाचे काय?

शाकाहारी राहावे. गावच्या खानावळीत भात, आमटी, भाकरी आणि भाजी मिळते.

डीएनए चाचणी करून यावी का?

बेने इस्रायलांच्या वंशात पश्चिम आशियातील ज्यू व स्थानिक भारतीय असे दोन्ही अंश आहेत, हे 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसले आहे. चाचणीतून एवढे कळेल. आपली वाडी झिराडची की आवासची, हे त्यातून कळणार नाही.

घर सापडलेच नाही तर?

बहुतेकांना घर सापडत नाही, घराची जागा सापडते. लाकूड आणि कौले केव्हाच काढून नेलेली असतात. अशा वेळी आसपासची विहीर, मोठे झाड, शाळा आणि बाजाराकडे जाणारी वाट यांची छायाचित्रे काढून तेथूनच आजीला व्हिडिओ कॉल लावावा आणि फोन शेजारच्या मराठी बोलणाऱ्या माणसाच्या हाती द्यावा. ज्या गोष्टी तिने नातवंडांना सांगितलेल्या नसतात त्या ती या अनोळखी माणसाला सांगते. फोनची बॅटरी भरलेली असावी आणि इस्रायलची वेळ भारताच्या अडीच ते साडेतीन तास मागे असते हे लक्षात ठेवून आजीला आदल्या दिवशीच कळवून ठेवावे.

परतताना गावात काही देऊन जावे का?

भेटलेल्या माणसांच्या छायाचित्रांच्या छापील प्रती द्याव्यात. मोबाइलवर पाठवलेली चित्रे हरवतात. अलिबागेत त्या तासाभरात काढून मिळतात. प्रतीच्या मागे आपल्या कुटुंबाचे नाव, जुने ‘कर’ आडनाव आणि फोन क्रमांक देवनागरीत लिहावा. एखाद्या सुनेला पुढच्या वर्षी माळा आवरताना जुनी पेटी सापडली, तर कळवायचे कोणाला हे तिला ठाऊक असेल.